वेचणीतली हजेरी

कापसाच्या बैलबंड्या रस्त्याला लागल्या की माझा घरात पाय टिकत नाही. यंदाही त्या लागल्या आहेत. जिनाकडे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याकडे, जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकलेत. भरलेली बंडी झाडाला घासून जाते आणि काटे आपापला वाटा ओढून घेतात. सकाळी गारवा असतो, हवेत सरकीचा तेलकट वास असतो आणि मी यवतमाळच्या आमच्या अध्यापक विद्यालयात फळ्यासमोर उभी राहून चाचण्यांचे प्रकार सांगत असते. सांगता सांगता वाक्य अर्धंच राहतं. समोरच्या मुलींना वाटतं, बाईंना बरं नाही. तसं बरं नाहीच. पहिल्या वेचणीला वावरात दहीभात ठेवून सीतादही करतात, त्या दिवसापासून हे दुखणं सुरू होतं आणि कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या की आपोआप उतरतं. त्याला औषध असेल असं मला वाटत नाही.

त्यातून याच दिवसांत मुली विषय मागायला येतात. त्यांना वर्षअखेर एक छोटा शोधनिबंध लिहायचा असतो. परवा एक आली, वेणी पुढे ओढून शेपटाशी चाळा करत उभी राहिली आणि म्हणाली, बाई, एखादा सोपा विषय द्या ना, ज्यात कोणाकडे जावं लागणार नाही. मी तिच्यावर विनाकारण खेकसले. मग रात्रभर स्वतःवर चिडत राहिले, कारण तिच्या जागी होते तेव्हा मी काही वेगळी नव्हते. मला तर सोपा आणि अवघड असे दोन्ही विषय हवे होते, आणि पंधरा दिवसांत दोन्ही नकोसे व्हायचे.

जनपद सभा जाऊन जिल्हा परिषद आली, त्या सुमाराची ही गोष्ट. दारव्ह्याच्या मिडल स्कूलमधून एक वर्षाची बिनपगारी रजा काढून मी नागपूरला एम.एड. करायला गेले होते. रजा एकच वर्षाची, आणि प्रबंध पुरा झाला की त्याची एक प्रत खात्याच्या कचेरीत द्यायची, अशी अट होती. घरात इतकं शिकलेलं कोणी नव्हतं. वडील जिनात फिटर. मुलगी नागपुरात 'संशोधन' करते हे ते चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगायचे, आणि मी घरी आले की हळूच विचारायचे, म्हणजे नेमकं काय करतेस?

नेमकं काय, हेच तर मला ठाऊक नव्हतं. शिक्षणशास्त्राच्या संशोधनाची एवढी क्षेत्रं असतात हे मला ग्रंथालयात गेल्यावर कळलं, आणि जत्रेत मूल हरवावं तशी मी हरवले. आधी बुद्धिमापन घेतलं. परदेशी चाचणीचं मराठी रूपांतर घेऊन दारव्ह्याच्या चौथीच्या वर्गात बसले. चित्रात काय चुकलं ते ओळखा, असा प्रश्न होता. एक जहाज होतं, त्याचा धूर वाऱ्याच्या उलट दिशेला जात होता. साऱ्या वर्गाने एकमताने सांगितलं की एवढं पाणी दाखवलं, हेच चुकलं. मी सगळ्यांना शून्य गुण दिले आणि घरी येऊन मला त्या शून्यांची लाज वाटली. बुद्धिमापन सुटलं. मग शिक्षणाचा इतिहास धरला. जुनी दप्तरं उघडली तर वाळवीने माझ्याआधीच वाचून काढली होती. मग अंकगणितातल्या चुका, मग हस्ताक्षर, मग मुलांच्या आवडीनिवडी. एक ना धड, भाराभर चिंध्या. दारव्ह्याहून छोट्या गाडीने निघताना एक विषय मनात असायचा आणि ती रमतगमत यवतमाळला पोचेपर्यंत दुसरा.

मार्गदर्शक सर शांत स्वभावाचे होते. तीन विषय त्यांनी ऐकून घेतले. चौथ्याला त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं की संक्रांतीपर्यंत विषय पक्का होऊन माहिती गोळा झाली नाही तर या वर्षी प्रबंधाचं नाव काढू नका. पुढचं वर्ष मला मिळणार नव्हतं. दिवाळीत घरी गेले तेव्हा वडिलांना हे सांगितलं. ते अंगणात बसून कसलातरी पट्टा शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "माय, तू तं सारेच मशीन खोलून ठेवून राह्यली. आता एक तं जोड."

मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं.

त्याच दिवाळीत मी कळंबला मावशीकडे गेले. मावशीने मला चिंतामणीच्या जमिनीखालच्या देवळाच्या पायऱ्या उतरायला लावून माझ्या वतीने विषय मागितला. देवाने एवढ्या लवकर ऐकावं अशी काही माझी पुण्याई नव्हती. पण दुसऱ्याच आठवड्यात मावशीच्या शेजारी राहणाऱ्या मंदाबाई भेटल्या. त्या कळंबहून दीड कोसावरच्या एका गावी शिकवायला पायी जात. दोन शिक्षकांची शाळा, एक गुरुजी आणि एक ह्या. सहज बोलता बोलता म्हणाल्या की वेचणी लागली की शाळेत पोरं नसतातच. मी म्हटलं, मला दाखवाल? गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहून झालंय, तेवढं पुरे.

पहिल्या दिवशी आम्ही दोघी पोचलो तेव्हा खोलीत चार लहान पोरं बसली होती, तीही ज्यांना वावरात कोणी नेत नाही अशी. गुरुजी पन्नाशीचे, धोतर, खाकी कोट, डोक्यावर टोपी. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः पेटीवर बसले आणि मी मागताच हजेरीपट पुढे केला. मी तो उघडला. खोलीत चार पोरं आणि पटावर कालपर्यंत जवळजवळ सगळी हजर! दोन-चार नावांपुढे गैरहजेरी, बाकी ओळीने हजेरी, सुरेख वळणदार अक्षरात.

खरं सांगते, त्या क्षणी मला गुरुजींचा राग आला नाही, आनंद झाला. इतके महिने ज्याच्यामागे धावत होते ते पुढ्यात येऊन बसलं होतं. पटावरची उपस्थिती आणि प्रत्यक्ष उपस्थिती! वेचणीच्या हंगामात दोन्हींमधली तफावत! सर खूश होतील, संक्रांतीच्या आत माहिती होईल, वडील टपरीवर सांगतील. मी आठवडाभर रोज सकाळी जाऊन खोलीतली डोकी मोजली, पट उतरवून घेतला आणि दुपारच्या आत परतले. गुरुजींनी एकदाही का म्हणून विचारलं नाही. मी मात्र मनातल्या मनात त्यांना लबाड ठरवून टाकलं होतं. सरासरी उपस्थिती ठरावीक आकड्याखाली गेली तर दुसऱ्या शिक्षकाची जागा रद्द होते, हे मला माहीत होतं. मंदाबाईंची जागा वाचवायला म्हातारा खोट्या हजेऱ्या लावतो, असं माझं गणित जुळलं.

एक गोष्ट तेवढी जुळत नव्हती. वच्छी नावाच्या तिसरीतल्या मुलीपुढे दोन दिवस गैरहजेरी होती. खोट्याच लावायच्या तर हिची का वगळली? मी विचारलं. गुरुजी म्हणाले, सोळाचा पाढा नाही म्हटला तिने. मला अर्थ लागला नाही.

तो दुपारी लागला. त्या दिवशी मी लवकर परतले नाही. शिदोरीच्या वेळेला गुरुजींनी खोली बंद केली, चार पोरांना घरी धाडलं, आणि ते आणि मंदाबाई वावरांच्या वाटेने निघाले. मी मागे गेले. काळी जमीन भेगाळलेली, पऱ्हाटी कमरेच्या वर, फुटलेल्या बोंडांनी डोळे दिपत होते. बायका कमरेला ओटी बांधून तासातासाने, एकेक ओळ धरून, पुढे सरकत होत्या आणि त्यांच्यामध्ये पोरं. गुरुजी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे राहिले आणि त्यांनी पट उघडून पहिलं नाव घेतलं. पऱ्हाटीतून पावकीचा पाढा सुरू झाला. हात थांबले नाहीत, बोंडं ओटीत पडत होती आणि पाढा चालला होता. एक पोरगा अडखळला तर शेजारच्या तासातल्या त्याच्या आईने पुढचं सांगितलं. गुरुजी तिला म्हणाले, तुमी नका सांगू, तुमची हजेरी नाही लागत. सगळ्या वावरात हशा पिकला.

मग पोरं धुऱ्यावर जमली. भाकरी खाता खाता मंदाबाईंनी मुलींना बोटाने मातीत अक्षरं काढायला लावली. मण-शेर जाऊन किलो आले होते तेव्हा नुकतेच, आणि म्हाताऱ्यांना त्याचा मेळ बसत नव्हता. ह्या पोरी मात्र घरच्यांनी सांगितलेल्या शेरांचे किलो तोंडी करून देत होत्या. त्या मुली शाळेत आल्याच होत्या मंदाबाईंमुळे. आधी पटावर एकही मुलगी नव्हती, आता अकरा होत्या. वच्छीने त्या दिवशी सोळाचा पाढा म्हटला. सोळी सत्ते गडबडली, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. गुरुजींनी कोटातून टाक काढला, दौत एका पोराच्या हातात दिली आणि तिथेच धुऱ्यावर बसून तिच्या नावापुढे हजेरी भरली. ती भाकरीचा घास तोंडात तसाच धरून टाकाकडे बघत होती.

जो म्हणेल तो हजर. जो वावरात असून म्हणणार नाही तो गैरहजर. अशी त्यांची हजेरी. एका वावरातून दुसऱ्या वावरात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, उन्हं कलेपर्यंत. खात्याच्या नियमात घंटा झाल्यावर खोलीत असणं म्हणजे हजेरी. आमच्या नागपूरच्या वर्गात मी दिवसाचे पाच तास हजर असायचे आणि चित्त चौदा ठिकाणी असायचं, त्याची कोणी गैरहजेरी लावली नव्हती.

परतताना मी गुरुजींना विचारलं की नियमाप्रमाणे बघितलं तर हा पट खोटा नाही का? माझ्या प्रबंधात हे सगळं येणार, तुम्हाला चालेल का?

ते थोडे पुढे चालत होते. थांबले. म्हणाले, "खोलीत पाहान तं खोटी हाय हजेरी. वावरात पाहान तं खरी हाय. तुमी दोन्ही लिवजा, बाई."

मी लिहीन म्हणाले. शब्द दिला, असंच म्हणायला हवं.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस होते, हे कबूल करायला मला आज जड जातं. रोज सकाळी मंदाबाईंबरोबर चालायचं, दुपारी वावरात बसायचं, वहीत भराभर उतरवायचं. ऊन पाठीला लागायचं आणि बरं वाटायचं. कोणीतरी तुरीच्या शेंगा भाजून पुढ्यात टाकायचं. विषय बदलावासा वाटला नाही, एकदाही नाही. संध्याकाळी मावशीच्या ओसरीवर बसून मी वावरातल्या शाळेवर सात पानं लिहिली. इतकं नीट मी त्याआधी काही लिहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

सरांना सगळं आवडलं, ही सात पानं सोडून. त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. तुमचा विषय उपस्थितीचा, अध्यापनाचा नव्हे. ही पानं प्रकरणात बसत नाहीत, शेवटी परिशिष्टात टाका. मी टाकली. मग फाल्गुन आला. टंकलेखन करणाऱ्याकडे रांग होती, तारीख डोक्यावर होती, तक्त्यांचे रकाने पुन्हा पुन्हा चुकत होते. तो म्हणाला, बाई, एवढं सगळं नाही व्हायचं, काही कमी करा. मी काय कमी केलं ते सांगायला नको. परिशिष्ट कोणी वाचत नाही, असं मी मनाला समजावलं. त्याला मी तेव्हा व्यवहार म्हटलं. आज त्याला दुसरा शब्द आहे, पण तो लिहायला हात वळत नाही.

गावाचं नाव मात्र मी कुठे येऊ दिलं नाही. तक्त्यात गाव 'क', वर्णनात गाव 'क', निष्कर्षात गाव 'क'. गुरुजींना आणि मंदाबाईंना त्रास होऊ नये याची एवढी काळजी घेतली की मला माझंच कौतुक वाटलं. आणि मग सगळ्यात शेवटी, सगळं बांधायला जायच्या आदल्या दिवशी, मी ऋणनिर्देश लिहिला. आपल्याकडे ऋण मानल्याशिवाय ग्रंथ पुरा होत नाही. सरांचे आभार, आईवडिलांचे, मावशीचे. आणि ज्यांनी आपले हजेरीपट मोकळ्या मनाने दाखवले त्या गुरुजींचे. त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका. मान द्यायचा तर पुरा द्यावा म्हणून 'मुख्याध्यापक' असंही लिहिलं. लिहिताना डोळे भरून आले होते.

एवढी अक्कल असलेली बाई आणि हे लक्षात येऊ नये! पण नाही आलं. सरांच्याही नाही. मला पहिला वर्ग मिळाला, वडिलांनी जिनात पेढे वाटले आणि अटीप्रमाणे मी एक प्रत कचेरीत नेऊन दिली.

जूनमध्ये यवतमाळच्या बाजारात मंदाबाई दिसल्या. त्यांच्या हातात पिशवी होती आणि त्यांनी ती या हातातून त्या हातात घेतली. त्यांच्याकडूनच कळलं. कचेरीतल्या साहेबांनी प्रत उघडली, पहिलंच पान, ऋणनिर्देशाचं, वाचलं, मग तक्ते पाहिले आणि गाव 'क' कोणतं ते त्यांना विचारावं लागलं नाही. चौकशी झाली. दुसऱ्या शिक्षकाची जागा गेली. गुरुजींची बदली पांढरकवड्याकडे, पार आत. मुली शाळेत येतात का, मी विचारलं. त्यांनी नाही अशी मान हलवली. आवाज न चढवता म्हणाल्या, "तुमी आभार मानले अन् आमी गेलो, बाई." मग भाजी घ्यायची राहिलीय म्हणून निघून गेल्या.

मला माफी मागायला जायला तीन वर्षं लागली. कधी सवड नव्हती, कधी गाडी नव्हती, कधी नुसतीच भीती होती. त्या प्रबंधामुळेच मला इथली नोकरी लागली, हेही एक होतं. पीएच.डी.साठी नाव नोंदवा असं सर दोनदा पत्रातून म्हणाले. मी विषय शोधायला बसायचे आणि उठून खोलीत फेऱ्या मारायचे.

शेवटी गेल्या पंधरवड्यात गेले. हैदराबादच्या सडकेने पांढरकवड्यापर्यंत मोटार, समोरून एकामागून एक ट्रक, पुढे सागाच्या रानातून पायवाट. कोलाम आदिवासींचं गाव, चाळीसेक घरं, भोवती कापसाची वावरं. वावरांत बायका वेचत होत्या आणि त्यांच्यामध्ये पोरं होती, ते मला लांबूनच दिसलं. पाढे मात्र ऐकू आले नाहीत. माणसं त्यांच्या बोलीत एकमेकांना हाका मारत होती, तेवढंच.

गुरुजी खोलीत होते. कोट तोच, केस सगळे पांढरे. समोर पाच पोरं. मला पाहून ते खरंच आनंदले. पेटी पुढे सरकवली, पाण्याचा तांब्या दिला, वडिलांची चौकशी केली. मी काय बोलणार होते ते सारं विसरले आणि नजर टाळायला टेबलावरचा हजेरीपट उघडला. पाच हजर. बाकी सगळी गैरहजर, पानभर.

मी विचारलं, आता वावरात जात नाही का?

"सोडलं जी ते," गुरुजी म्हणाले. "तुमी तं सारं लिवलं होतं ना. साहेबानं वाचलं, नागपूरच्या मोठ्या लोकायनं वाचलं. वाचूनबी त्यायले ते शिकवनं नाई वाटलं. मंग मी म्हटलं, आपलंच चुकत असन. आपन का त्यायच्याएवढे शिकलो?"

त्यांच्या बोलण्यात कुठे टोमणा नव्हता. मी तो शोधला, सापडला असता तर बरं झालं असतं. हा माणूस तीन वर्षं मला शब्दाची पक्की समजत होता, आणि मी शब्द पाळला असं धरून त्याने स्वतःला चूक ठरवलं होतं.

मी सांगितलं. उभी राहून सांगितलं, बसून सांगवेना. ती सात पानं मी काढून टाकली होती, गुरुजी. वेळ नव्हता म्हणून. साहेबांनी फक्त तक्ते पाहिले. वावरातल्या शाळेबद्दल त्या पुस्तकात एक ओळसुद्धा नाही.

पाच पोरं माझ्याकडे बघत होती. गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हंजे, हे शिकवनं नाई असं कोनं म्हटलंच नव्हतं?"

"नाही. कोणी वाचलंच नाही."

ते दाराबाहेर बघत राहिले. बाहेर वेचणी चालू होती.

"मंग हे तीन हंगाम मी उगाच बसलो खोलीत," ते म्हणाले.

मी हो म्हणाले.